ठणक्याची गोळी वेगळी, रोजची गोळी वेगळी

पत्र: माझं वय ५४. गेल्या दीड वर्षात उजव्या पायाचा अंगठा तीनदा सुजला. लालबुंद, गरम, पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नव्हता. डॉक्टरांनी गाउटचं (युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीचं) निदान केलं आणि ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅमची गोळी रोज घ्यायला सांगितली. दोन आठवडे नेमाने घेतली आणि तिसऱ्या आठवड्यात आजवरचा सगळ्यात वाईट झटका आला. म्हणजे गोळीनेच दुखणं वाढवलं ना? मी ती बंद केली. अंगठा सुजलेला असतानाच रक्त तपासलं, तर युरिक ॲसिड ६.५. रिपोर्टवर ७.२ पर्यंत नॉर्मल छापलंय, मग औषधाची गरजच काय? एका मित्राने त्याच्याकडची कोल्चिसिनची स्ट्रिप दिली आहे. म्हणाला, ‘दर तासाला एक घे, जुलाब लागले की थांब.’ अजून घेतलेली नाही. मला बीपीची गोळी आहे (तिने लघवी जास्त होते), कोलेस्टेरॉलची आहे, आणि क्रिएटिनिन थोडं वर आहे. ॲलोप्युरिनॉलने किडनी बिघडते असं ऐकतो. शिवाय ती जन्मभर घ्यावी लागते म्हणतात, त्याचीही धास्ती वाटते. शेवटचं: धाकट्या भावाचं युरिक ॲसिड ७.६ आलंय, दुखत काहीच नाही. माझ्या उरलेल्या गोळ्या त्याला चालतील का?

उत्तर:

नमस्कार. तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण आधी त्या स्ट्रिपचं बघू. ती घेतली नाहीत हे फार बरं केलंत. घेऊही नका.

मित्राने सांगितलेली पद्धत त्याच्या मनची नाही. अनेक वर्षं कोल्चिसिन असंच दिलं जायचं: दुखणं थांबेपर्यंत किंवा पोट बिघडेपर्यंत तासा-दोन तासांनी एकेक गोळी. जुलाब लागणं ही ‘आता पुरे’ची खूण मानली जायची. खरं तर ती विषबाधेची पहिली पायरी असते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ही जुनी पद्धत आणि कमी मात्रा यांची समोरासमोर तुलना झाली. एका गटाला सहा तासांत एकूण ४.८ मिलिग्रॅम दिलं, दुसऱ्याला तासाभरात एकूण १.८ मिलिग्रॅम. दुखणं कमी होण्यात दोन्ही गट जवळपास सारखेच निघाले, पोटाचे हाल मात्र पहिल्या गटाचे झाले. तेव्हापासून ठणका सुरू झाल्या झाल्या थोडं औषध द्यायचं आणि तिथेच थांबायचं, अशी रीत पडली. ज्या ठिकाणी गोळी ०.५ मिलिग्रॅमची मिळते तिथे साधारणपणे आधी दोन, तासाने एक, आणि त्या दिवसापुरतं संपलं. हाही हिशोब किडनी धडधाकट असलेल्या माणसाचा आहे. तुमचं क्रिएटिनिन वर आहे आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, त्यामुळे तुमच्यासाठी तो याहून कमी असू शकतो, किंवा डॉक्टर कोल्चिसिन टाळून दुसरंच काही देतील.

इतका जोर देऊन सांगण्याचं कारण असं की या औषधात बरं करणारी मात्रा आणि जिवावर बेतणारी मात्रा यांच्यात अंतर फार थोडं आहे. मात्रा जास्त झाली तर पहिल्या दिवशी मळमळ, उलट्या, पोटात कळा, जुलाब होतात. माणसाला वाटतं पोट बिघडलंय, होईल बरं. खरा घात त्यानंतरच्या दिवसांत होतो: रक्तपेशी घटतात, स्नायू, किडनी, हृदय एकेक करून कुरकुरायला लागतात. त्यावर सहज मिळेल असा उतारा नाही. म्हणून चुकून जास्त गोळ्या गेल्या आणि अजून काहीच होत नसलं, तरी त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं, लक्षणांची वाट बघायची नाही. घरात लहान मुलं असतील तर ही स्ट्रिप टेबलावर, उशाशी, पँटच्या खिशात कुठेच नको. मोजक्या गोळ्याही मुलाचा जीव घेऊ शकतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न: गोळीने दुखणं वाढवलं का?

एका अर्थी हो. पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष उलटा आहे.

गाउटमध्ये दोन निरनिराळी कामं असतात आणि त्यांची औषधंही निरनिराळी. एक काम म्हणजे आत्ता पेटलेली सूज विझवणं. त्यासाठी कोल्चिसिन, सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या किंवा स्टिरॉइड. हे काही दिवसांपुरतं. दुसरं काम म्हणजे सांध्यात साठलेला माल बाहेर काढणं. त्यासाठी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट, रोज, वर्षानुवर्षं. ॲलोप्युरिनॉल वेदनाशामक नाही. दुखायला लागल्यावर ती एक जास्तीची घेतली तर काडीचाही उपयोग होत नाही. आणि कोल्चिसिनने युरिक ॲसिडचा आकडा हलत नाही. निम्मे घोटाळे या दोन कामांच्या गल्लतीतून होतात, असं मी औषधाच्या दुकानातल्या काउंटरवर उभं राहून खात्रीने सांगू शकतो. लोक रोजची गोळी दुखल्यावर घेतात आणि दुखण्याची गोळी रोज.

साठलेला माल म्हणजे काय? रक्तात युरिक ॲसिड एका मर्यादेपर्यंतच विरघळून राहतं. ती मर्यादा शंभर मिलिलिटरमागे साधारण ६.८ मिलिग्रॅम. त्याच्या वर गेलं की त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक बनायला लागतात. कोमट पाण्यात मावलेली साखर पाणी गार झाल्यावर तळाशी बसते, तसंच इथे होतं. पायाचा अंगठा शरीराच्या मधल्या भागापेक्षा गार असतो, म्हणून पहिला नंबर बहुतेक वेळा त्याचाच लागतो. हे स्फटिक सांध्याच्या आत वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहू शकतात. त्यातले काही सुटे झाले आणि शरीराच्या संरक्षक पेशींच्या नजरेत आले, की मध्यरात्री तो तुमच्या ओळखीचा आगडोंब उसळतो.

ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर रक्तातलं युरिक ॲसिड उतरतं आणि जुने थर हळूहळू विरघळू लागतात. विरघळताना ते सैल होतात, तुकडे सुटतात, आणि सुटे झालेले तुकडे सूज आणतात. म्हणजे तिसऱ्या आठवड्यातला तो झटका बहुधा औषध लागू पडत असल्याचा होता. पहिल्या काही महिन्यांत असं होणं इतकं नेहमीचं आहे की रोजची गोळी सुरू करताना सोबत तीन ते सहा महिने कमी मात्रेत दुसरं औषध देऊन ठेवण्याचा सल्ला २०२० च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. ते दुसरं औषध बहुतेकदा कोल्चिसिनच असतं, पण दिवसाला एखाद-दुसरी गोळी, तासाला एक नव्हे. ते जमत नसेल तर कमी मात्रेतलं वेदनाशामक किंवा स्टिरॉइड.

तुम्हाला असं काही दिलं होतं का, ते पत्रावरून कळत नाही. दिलं नसेल तर तसं डॉक्टरांना सरळ विचारा. आणि ‘सुरुवातीला एखादा झटका येईल, गोळी सोडू नका’ हे एक वाक्य तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, तर तो दोष तुमचा नाही. त्या एका वाक्यावाचून अनेकजण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच हे औषध टाकून देतात आणि पुढे दहा वर्षं त्याला शिव्या घालतात.

मग आता काय करायचं? याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगा: कोणत्या तारखेला सुरू केली, झटका कधी आला, कधी बंद केली, अंगावर पुरळ वगैरे काही उठलं होतं का. पुरळ उठलं नसेल तर बहुतेक डॉक्टर पुन्हा कमी मात्रेपासून सुरुवात करायला सांगतील, या वेळी संरक्षणाला दुसरं औषध जोडून. मधले दिवस भरून काढायला म्हणून आपल्या मनाने दोन-तीन गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत. ‘मला ३०० ची देतात, तुला १०० ने काय होणार’ असं सांगणारेही भेटतील. १०० ही सुरुवात आहे. किडनी अशक्त असेल तर ५० पासूनही सुरू करतात. मग दोन ते पाच आठवड्यांनी रक्त बघून ५० किंवा १०० ने वाढवत जातात, आणि पुष्कळ जणांना शेवटी ३०० सुद्धा पुरत नाही. सावकाश चढण्याला दोन कारणं आहेत. युरिक ॲसिड एकदम कोसळलं तर झटके जास्त येतात. दुसरं कारण ॲलर्जीचं, त्याकडे येतोच.

आणि पुढच्या वेळी झटका आला तर रोजची गोळी चालूच ठेवायची. त्या चार-सहा दिवसांसाठी ठणक्याचं औषध वरून घ्यायचं. ते कोणतं, किती आणि कुठे थांबायचं, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून आणा. रात्री दोन वाजता पाय धरून बसलेल्या माणसाला मित्राचा फोन लागतो, डॉक्टरांचा नाही. कागद हाताशी असला की त्या फोनची गरज पडत नाही.

आता तुमचा ६.५ चा रिपोर्ट. त्यावर विसंबू नका. ऐन ठणक्यात युरिक ॲसिड बऱ्याचदा खाली उतरलेलं दिसतं, कधी कधी अगदी नॉर्मल. त्यामुळे सूज पूर्ण उतरल्यावर निदान दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो छापलेला ७.२ तुमच्यासाठी नाही. तिथे छापलेली मर्यादा सर्वसाधारण माणसांच्या रक्तात किती आढळतं त्यावरून काढलेली असते. ज्याच्या सांध्यात स्फटिक बसलेले आहेत त्याला ते विरघळवायचे असतात, आणि त्यासाठी रक्तातला आकडा त्या ६.८ च्या चांगलाच खाली हवा. म्हणून गाउटवाल्याचं लक्ष्य ६ च्या खाली. कानाच्या पाळीवर, कोपरावर किंवा बोटांवर पांढरट गाठी आल्या असतील तर डॉक्टर ५ च्या खाली आणायला बघतात. तुमच्या रिपोर्टवर लॅबने लाल खूण केली नाही म्हणून तुमचं काम झालं असं होत नाही. ७.०, ६.७, ६.९ असे आकडे घेऊन ‘नॉर्मल आलंय’ म्हणत वर्षानुवर्षं झटके सोसणारी माणसं कमी नाहीत. तुमच्या वहीत तारीख, गोळीची मात्रा आणि आकडा असे तीन रकाने आखून ठेवा. डॉक्टर बदलले, गाव बदललं, तरी ती वही उपयोगी पडते.

किडनीचं बोलू. ॲलोप्युरिनॉल किडनी खराब करतं, ही समजूत बहुधा अर्धवट ऐकण्यातून आली असावी. या औषधाचं शरीरात ऑक्सिप्युरिनॉल बनतं, खरं काम तेच करतं, आणि ते बाहेर टाकायचं काम किडनीचं. किडनी मंद असेल तर ते साचतं. म्हणून अशा माणसाला सुरुवात कमी मात्रेने आणि चढण सावकाश. औषध देऊच नये, असं नाही. किडनीच्या जुनाट आजारातही गाउटसाठी पहिली पसंती बहुधा याच औषधाला असते.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोळ्यांची. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन ही सूज उतरवणारी वेदनाशामकं. गाउटच्या ठणक्यावर ती छान चालतात, आणि म्हणूनच लोक कोणाला न विचारता आठवडाच्या आठवडा घेत राहतात. वर गेलेलं क्रिएटिनिन, बीपीची गोळी आणि त्यात हे वेदनाशामक, हे त्रिकूट किडनीला खरोखर महागात पडतं. पोटात अल्सर असेल, हृदय कमजोर असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आणखीच. गेल्या तीन झटक्यांत तुम्ही यातलं काय आणि किती दिवस घेतलंत, ते आठवून डॉक्टरांना सांगा. बदनामी ॲलोप्युरिनॉलच्या वाट्याला येते आणि काम ही मंडळी करून जातात, असंही पाहण्यात येतं.

आता ती एक गोष्ट, जिच्यासाठी मात्र कोणालाही न विचारता ॲलोप्युरिनॉल तत्क्षणी थांबवायचं. अंगावर पुरळ.

फार थोड्या लोकांना या औषधाची गंभीर ॲलर्जी होते, पण ज्यांना होते त्यांच्या जिवावर बेतू शकते. ती बहुतेक वेळा पहिल्या दोन महिन्यांत दिसते. अंगावर लाल चट्टे किंवा खाज, ताप, घसा दुखणं, तोंडात किंवा गुप्तांगावर फोड, डोळे लाल होणं, चेहरा सुजणं, कातडी सोलवटणं, काविळीसारखा पिवळेपणा. यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. फोड, ताप किंवा सोलवटलेली कातडी असेल तर थेट हॉस्पिटल. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून अंगाला काहीबाही लावत बसू नका. साधी दिसणारी पुरळही आपण घरी ठरवायची गोष्ट नाही. आणि एकदा अशी ॲलर्जी झाली की हे औषध त्या माणसाला आयुष्यात पुन्हा द्यायचं नसतं. प्रत्येक नव्या डॉक्टरला ते सांगावं लागतं.

हा धोका सुरुवातीची मात्रा जास्त असली तर आणि किडनी अशक्त असली तर वाढतो. काही माणसांत तो जन्मतःच आलेला असतो: एचएलए-बी ५८:०१ नावाचं जनुक असणाऱ्यांना ही ॲलर्जी होण्याची शक्यता कितीतरी जास्त. हान चिनी, कोरियन आणि थाई वंशाच्या लोकांत, तसंच आफ्रिकन अमेरिकन लोकांत औषध सुरू करण्याआधी ही तपासणी करावी असं सुचवलं जातं. बाकीच्यांना सरसकट नाही. जवळच्या नात्यात कोणाला या गोळीने त्रास झाला असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

दुसऱ्या औषधांशी असलेलं वैर समजायला इथे थोडा इतिहास उपयोगी पडतो. ॲलोप्युरिनॉल मुळात गाउटसाठी शोधलेलंच नव्हतं. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज ल्युकेमियावरच्या (रक्ताच्या कर्करोगावरच्या) मर्कॅप्टोप्युरिन या औषधावर काम करत होते. शरीर ते औषध लवकर मोडून टाकायचं, म्हणून मोडणाऱ्या एन्झाइमला अडवणारं काहीतरी हवं होतं. ते ॲलोप्युरिनॉल. त्याच एन्झाइमने युरिक ॲसिडही बनतं, हे लक्षात आल्यावर गाउटवाल्यांचं नशीब उघडलं. १९६६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. १९८८ च्या नोबेलमध्ये या दोघांचा वाटा होता.

हे सांगायचं कारण असं की ज्या गुणासाठी ते शोधलं, तोच गुण आज काही रुग्णांना घातक ठरतो. मर्कॅप्टोप्युरिन किंवा त्याच्याच कुळातलं ॲझाथायोप्रिन घेणाऱ्या माणसाला (अवयव बदललेले रुग्ण, आतड्यांचे किंवा सांध्यांचे काही आजार) कोणी ॲलोप्युरिनॉल जोडलं, तर आधीचं औषध मोडलंच जात नाही, रक्तात साचत जातं आणि अस्थिमज्जा (हाडांतला रक्तपेशी बनवणारा मगज) मार खाते. फेबुक्सोस्टॅटचंही तेच. त्यामुळे असं कुठलंही औषध चालू असेल तर ते आधी सांगायलाच हवं. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनचा परिणाम ॲलोप्युरिनॉलने वाढू शकतो. ॲमॉक्सिसिलिन किंवा ॲम्पिसिलिन या अँटिबायोटिक्सबरोबर पुरळ उठण्याची शक्यता वाढते.

कोल्चिसिनचे शत्रू आणखी जास्त आणि जास्त साधे. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स, इट्राकोनॅझोल, किटोकोनॅझोल ही बुरशीवरची औषधं, व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम या बीपी-हृदयाच्या गोळ्या, अवयव बदललेल्यांना दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन, एचआयव्हीवरचं रिटोनाविर. यातलं कुठलंही असलं की कोल्चिसिन शरीरातून बाहेर पडायला अडखळतं आणि नेहमीची मात्रासुद्धा विषासारखी वागू शकते. घशासाठी म्हणून दुसऱ्याच डॉक्टरने लिहिलेलं अँटिबायोटिक इथे घात करतं. तुमची कोलेस्टेरॉलची गोळी स्टॅटिन कुळातली असेल (नावाच्या शेवटी ‘स्टॅटिन’ येतं), तर कोल्चिसिनबरोबर स्नायूंवर परिणाम होऊ शकतो. मांड्या किंवा दंड दुखायला लागले, जिना चढवेना, लघवी गडद तपकिरी झाली, तर लगेच कळवा.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना तोंडी यादी नको. घरातल्या चालू गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत भरा आणि ती पिशवी टेबलावर रिकामी करा. मित्राची स्ट्रिपही त्यात टाका, लाजू नका. एक बारीकशी सूचना: स्ट्रिपमधून गोळ्या काढताना नाव आणि मुदतीची तारीख छापलेला भाग शेवटपर्यंत राहील अशा बेताने काढा. चार गोळ्यांचा कापलेला तुकडा घेऊन माणसं येतात, तेव्हा त्यावर कधी ‘..रिनॉल’ एवढंच उरलेलं असतं.

तुमच्या बीपीच्या गोळीबद्दल. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या युरिक ॲसिड वर ढकलतात, हे खरं. पण ती आपणहून बंद केलीत तर बीपी उसळेल, आणि तो धोका अंगठ्यापेक्षा मोठा. ‘गाउट आहे, दुसरी चालेल का?’ एवढंच विचारा. लोसार्टान या बीपीच्या गोळीने युरिक ॲसिड थोडं उतरतं, तुमच्या बाबतीत ती बसते का ते डॉक्टर ठरवतील. हृदयासाठी रोज छोटी ॲस्पिरिन घेणाऱ्यांनाही हेच: युरिक ॲसिड थोडं वाढवते म्हणून ती सोडायची नसते.

रोजच्या घेण्याबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. ॲलोप्युरिनॉल दिवसातून एकदा, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर. डॉक्टरांनी किडनी किंवा हृदयासाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल तर दिवसभरात पाणी चांगलं प्या, नाहीतर मूतखड्याची भीती. गोळी विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी आठवली तर नेहमीची एकच. सुरुवातीला कोणाकोणाला गुंगी येते, तोवर गाडी चालवताना जपून. मधून मधून युरिक ॲसिडबरोबर क्रिएटिनिन, यकृताची तपासणी आणि रक्तपेशींची मोजणी होत राहील. लक्ष्य गाठल्यावर साधारण सहा महिन्यांनी एकदा.

ॲलोप्युरिनॉल सोसलं नाही तर फेबुक्सोस्टॅटचा पर्याय असतो. त्याच्याबद्दल २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंबाबत ठळक इशारा दिला. २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत तसा वाढीव धोका दिसला नाही. हृदयाचा आजार, अँजिओप्लास्टी किंवा पक्षाघात होऊन गेलेला असेल तर हे औषध घेण्याआधी डॉक्टरांशी त्यावर बोलणं झालेलं असावं, एवढंच.

जन्मभर घ्यावी लागेल का? बहुतेकांना वर्षानुवर्षं, हो. सोडली तर काही काळ काहीच होत नाही, त्यामुळे वाटतं सुटलो. तेवढ्या काळात आकडा पुन्हा चढून नवे थर बसायला लागलेले असतात. पण बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी तुम्ही रोज घेताच आहात, तिसरीचंच एवढं वाईट का वाटावं? पथ्याने भागेल का, हा पुढचा प्रश्न येणार, म्हणून आताच सांगतो. शरीरातल्या युरिक ॲसिडला लागणाऱ्या कच्च्या मालातला, म्हणजे प्युरिनमधला, साधारण दोन तृतीयांश शरीर स्वतःच तयार करतं. त्यामुळे कडक पथ्यानेही आकडा जेमतेम एकाने उतरतो. दारू, त्यातही बिअर, प्राण्यांचे यकृत-किडनीसारखे अवयव आणि साखर घातलेली शीतपेयं आवरा, वजन सावकाश कमी करा. भाज्या सोडायची गरज नाही, भाज्यांमधल्या प्युरिनने गाउट वाढत नाही असं दिसून आलंय. आणि उपाशी राहून झटपट वजन उतरवायला गेलात तर उलट झटका येऊ शकतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. सांधा सुजला, गरम झाला, आणि सोबत थंडी वाजून ताप आला, तर तो दरवेळचा गाउट असं धरून घरी थांबू नका. सांध्यात पू होण्याचं दुखणं अगदी असंच दिसतं आणि काही दिवसांत सांधा खाऊन टाकतं. त्याला त्याच दिवशी डॉक्टर हवा, आणि आपल्या मनाने घेतलेली स्टिरॉइडची गोळी तिथे भलतंच करून बसेल.

राहिला भाऊ. ७.६ आहे, दुखत काही नाही, गाठी नाहीत, मूतखडा नाही: अशा माणसाला नुसत्या आकड्यासाठी या गोळ्या सहसा देत नाहीत. आकडा वर असलेल्या बहुतेकांना गाउट होतच नाही, मग न झालेल्या आजारासाठी त्या ॲलर्जीची जोखीम त्याने का घ्यावी? टाच दुखली, कंबर धरली, कोणीतरी युरिक ॲसिड तपासलं आणि सात दिसलं म्हणून गोळी सुरू, असे प्रकार सर्रास चालतात. त्याला बीपी, साखर आणि क्रिएटिनिन तपासून घ्यायला सांगा, कारण वाढलेलं युरिक ॲसिड बऱ्याचदा या मंडळींच्या संगतीत सापडतं. अंगठा कधी सुजलाच तर तेव्हा डॉक्टरांना दाखवू दे. तुमच्या उरलेल्या गोळ्या त्याला देऊ नका, तुमच्याच पिशवीत ठेवा. डॉक्टर पुन्हा सुरू करायला म्हणाले तर मुदत बघून त्याच वापरता येतील. मित्राची स्ट्रिप मात्र डॉक्टरांना दाखवून झाली की लगेच त्याला परत करा, आणि देताना तो स्वतः ती कशी घेतो ते विचारा. तासाला एक घेत असेल तर त्यालाही डॉक्टरांकडे सोबत न्या.